मखमलीची मान

तंजावूर,
४ ऑगस्ट २०२५

ती. धनलक्ष्मीअत्तेस,
शि. सा. न. वि. वि.

कानातलं यंत्र शिट्ट्या घालतं म्हणून तू ते डब्यात ठेवून दिलंस आणि आता फोन उचलणार नाहीस, असं वर्षाने कळवलं. बरंच झालं. मला जे सांगायचं आहे ते फोनवर धड सांगता आलं नसतं. लहानपणी तू माहेरपणाला यायचीस आणि दुपारी मला ओसरीवर बसवून देवनागरी गिरवून घ्यायचीस, तेव्हा मी किती रडले होते. आज इथल्या आपल्या माणसांत घरी मराठी बोलणारी पुष्कळ आहेत, पण तुला चार ओळी लिहू शकेन अशी मीच. चुका तुझ्याच शिकवणीच्या समज.

काल आडी महिन्याची अठरावी, कावेरीचा सण होता. कावेरीला पाणी आलं आहे. अप्पांना घेऊन बसने तिरुवैयारूला गेले, घाटावर चित्रान्नाचा डबा उघडला. दोघांनाही फारसं गेलं नाही. आई असताना चार तऱ्हेचे भात असायचे. मी एकच केला होता, तोही खारट झाला होता. अप्पा मुकाट्याने जेवले, आणि तेच मला जास्त लागलं.

आता मुद्दा. तुझ्या नातीला, हरिताला, लग्नातला गळ्यातला दागिना मी करून देईन असा शब्द दिला होता. अत्ते, तो माझ्याच्याने होत नाही. तिला पुण्यातच लक्ष्मी रस्त्यावर काहीतरी पाहायला सांग. लग्नाला अजून वेळ आहे, म्हणून आत्ताच सांगते. आयत्या वेळी तोंडघशी पाडायला नको.

तब्येतीचं काही नाही. रोज सकाळी माडीवर जाऊन बसते. चांदीची तार ओढते, एखादं पान वाकवते, लाल केंपाचा खडा वर ठेवून बघते, आणि हे आपण कुठंतरी पाहिलंय असं वाटून सगळं मोडते. फोन उघडला तर खरंच कुणीतरी तसंच केलेलं असतं. ऑर्डरी येतात, त्या मी पुरवते, पण सगळी जुनीच कामं, खडे तेवढे बदललेले. माझ्या हातून नवं असं काहीच झालेलं नाही, आई गेली त्याच्याही आधीपासून. माडीवर मखमलीची एक मान आहे, दुकानात दागिने मांडायला असते तशी. केलेलं तिच्यावर चढवते. सगळं छान बसतं. काहीही चढवलं तरी छानच बसतं, हीच तर पंचाईत आहे.

हरिताला तू सांग. मला धीर होत नाही.

लोभ आहे तेवढा पुरे आहे, पण हे वाचून त्यातला कमी करू नकोस.

तुझी,
नंदिता


पुणे,
१२ ऑगस्ट २०२५

चि. नंदितास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर बरं आहे, अक्कल नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार होते, पण तुला नाचता येतं हे मला माहीत आहे, म्हणून म्हणत नाही. हरिताला मी काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ती पोर ऑफिसातल्या मैत्रिणींना तुझं नाव सांगत फिरते. वर्षाने लक्ष्मी रस्त्यावर जाऊन दोन हार पाहून ठेवले आहेत, कारण ती माझी मुलगी आहे आणि कुणावर विसंबत नाही. तेव्हा लग्नात हरिताचा गळा मोकळा राहणार नाही. तू निर्धास्त राहा आणि तिच्या दागिन्याचं सध्या नावच काढू नकोस.

त्याऐवजी माझं एक काम कर. सोबत पार्सल पाठवते. माझ्या जुन्या साडीत गुंडाळलंय, ती साडी पोतेऱ्याला घे. आत माझी मरपाच्चीची, लाकडी बाहुल्यांची जोडी आहे. तुझ्या आजीने माझ्या लग्नात दिलेली, रक्तचंदनाची, नवराबायको. तुझ्या आईची तिच्या माहेरून आलेली जोडी तू दर नवरात्रात बाहुल्यांच्या कोलूच्या वरच्या पायरीवर पाहिली आहेस. घरच्या लेकीने त्यांना नवे कपडे शिवायचे, नवे दागिने ओवायचे, मग बाकीच्या बाहुल्या मांडायच्या. माझी जोडी मात्र कोलूवर एकदाही बसलेली नाही. मी लग्न होऊन पुण्याला आले तर इथे नवरात्रात घट. घटाशेजारी काळ्या उघड्या बाहुल्या कशाला, असं सासूबाईंनी विचारलं. मला उत्तर देता येईना. माझं तेव्हाचं मराठी ऐकून ही माणसं हसत, म्हणून मी बोलायचंच टाळायची. बाहुल्या माळ्यावर गेल्या.

पुढे वर्षाला गालगुंड झाले. रक्तचंदन उगाळून लावल्याने सूज उतरते असं सासूबाईंना कुणी सांगितलं, आणि घरात रक्तचंदन कुठं आहे हे त्यांना बरोबर आठवलं. बाहुली चालली नव्हती, चंदन चाललं. पुढे ज्याला सूज येईल त्याच्यासाठी सहाणेवर तीच. नवरा धड राहिला, बायको झिजली. संसारात व्हायचं ते लाकडाचंही झालं. मी गप्प बसले, याचं मला अजून वाईट वाटतं. आई दर वर्षी पत्रात विचारायची, जोडी मांडलीस का. मी त्या ओळीला उत्तर द्यायची नाही, आणि तीही पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची.

वहिनी गेल्यापासून तू कोलू मांडलेला नाहीस. पहिल्या वर्षी सुतक समजू शकते. दुसऱ्या वर्षी काय झालं होतं? यंदा मांड, आणि वरच्या पायरीवर वहिनीच्या जोडीशेजारी माझी बसव. माझ्या बाईच्या गळ्यात काहीतरी घाल. चार मणी ओवलेस तरी चालेल. तिला कुणी फोनवर बघणार नाही.

तुझ्या अप्पांना म्हणावं, वेंकटअण्णा, तिखट कमी कर.

तुझ्यावर जीव आहे म्हणून बोलते, राग धरू नये.

अत्ते


तंजावूर,
३० ऑगस्ट २०२५

ती. अत्तेस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. साडी पोतेऱ्याला घ्यायची माझी छाती नाही, अजून मऊ आहे, धुऊन ठेवली. अप्पांनी जोडी उजेडात नेऊन उलटसुलट पाहिली, मला वाटलं त्यांनी ओळखलीच नाही. मग म्हणाले, ही घ्यायला मी अण्णांबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर, दुकानात गेलो होतो. धना हिच्याशी सारखी खेळायला मागायची आणि आजी लग्नाच्या आधी हात लावू देईना. तुला ते अजून धनाच म्हणतात, हे तुला ठाऊक आहे ना?

तुझ्या बाईचं म्हणशील तर तिचं डावं गालफड गेलं आहे आणि डावा खांदा उतरणीला लागल्यासारखा घसरता आहे. चार मणी ओवायला सांगितलेस, ओवले. घातले, आणि ते डावीकडून सरळ खाली. अजून आखूड केले, तर गळ्याला फास बसला. मेणाने चिकटवले, तर उन्हाने मेण सुटलं. बारीक पोवळ्यांची माळ केली, ती रात्रभर राहिली आणि सकाळी पायाशी पडलेली. तू मला काम दिलंस की सूड उगवलास? नवऱ्याची आणि आईच्या जोडीची कपडे-दागिन्यांसकट सगळी तयारी झाली. हीच एक बोडकी.

अप्पांनी कोलूच्या पायऱ्या माळ्यावरून काढल्या आहेत. पुसताना कंबर धरली. त्यांना म्हटलं, मी करते, तर म्हणाले, तू तुझ्या बाईचं बघ. यंदा कोलू आहे म्हटल्यावर त्यांच्या अंगात उत्साह आला आहे. प्रसादाचं सुंडल कुठल्या दिवशी कसल्या कडधान्याचं याची चर्चा आत्तापासून चालली आहे. डांगर पच्चडी मात्र मला आईसारखी जमत नाही, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. दर वेळी सांगतात.

खरं सांगू का, काम होत नसलं तरी रोज सकाळी मी आधी हिच्याकडे जाते. हरिताच्या हाराचे कागद उलटे करून ठेवले आहेत.

आठवण असावी, आणि औषधं वेळेवर घ्यावीत.

तुझी,
नंदिता


तंजावूर,
१२ सप्टेंबर २०२५

ती. अत्तेस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते. बसला. दागिना बसला.

कानातल्या झुमक्याचं ओझं कानाला होऊ नये म्हणून आपण साखळी वर नेऊन केसांत अडकवतो ना, माट्टल, तीच युक्ती. तुझ्या बाईच्या आंबाड्यापर्यंत झीज पोचलेली नाही. गळ्यातल्या माळेला डाव्या अंगाने बारीक साखळी जोडली, मानेवरून मागे वर नेली आणि आंबाड्यात अडकवली. डावीकडचा भार केसांनी उचलला. मग माळ घसरेना. उजवीकडे मोठे खडे, डावीकडे लहान होत जाणारे, आणि तिथून वर चढणारी साखळी. मी बाहुलीला हातात धरून हलवलं, उलटं केलं. जागचा हलला नाही. असा दागिना मी कुठेच पाहिलेला नाही. लगेच मोठ्या कागदावर काढला, त्याची नक्कल सोबत आहे. हरिताचा हार हाच, अत्ते. आंबाड्यावर गजरा असेल, त्यातून साखळी खाली येईल. नवरी मान वळवेल तेव्हा दिसेल.

हे तुला सांगून मी आनंदाने नाचत असेन असं वाटेल. पहिला अर्धा तास तशीच होते. मग खाली बसले ती उठवेना.

तुला माझी कामाची पद्धत ठाऊक आहे. आई खाली कोत्तवरंगाच्या, तुमच्या गवारीच्या, शेंगा मोडत बसायची, मी माडीवरून येऊन अर्धवट दागिना तिच्या गळ्यात घालायची. ती घालून वाकायची, कुकर बघून यायची, दारातल्या फुलवालीशी बोलायची, आणि मग सांगायची की इथं टोचतं, इथं उलटतं. मी वर जाऊन बदलायची. इतकी वर्षं माझं सगळं काम तिच्या गळ्यावर झालं. मग तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावा खांदा पडला. काहीही घातलं की डावीकडे घसरायचं. फोटो वाकडे यायचे, आणि मला त्या वेळी ऑर्डरींची घाई होती. एक दिवस तीच म्हणाली, माझ्यामुळं तुझं काम अडायला नको, ते दुकानातलं मखमलीचं एक आणवून घे. मी आणवलं. चार दिवसांत आलं. ती शेंगांचं ताट घेऊन बसायची त्याच्या समोरच्याच टेबलावर ठेवलं, उजेड तिथे चांगला म्हणून. माडीवर नेलं ते ती गेल्यावर.

तिच्या गळ्यात मग मी काहीच घातलं नाही. तीही पोत सोडून काही घालेना. सगळंच घसरतं म्हणायची. बाहुलीसाठी जे मी केलं ते आईसाठी करून बघावं असं एकदाही मनात आलं नाही. खांदा तोच होता, अत्ते. डावाच.

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात तू महिनाभर इथे होतीस. दुपारी तुम्ही दोघी खाली असायचात, मी माडीवर. त्या मखमलीच्या मानेबद्दल ती तुझ्याशी कधी काही बोलली होती का? जे असेल ते खरं कळव.

तुझी,
नंदिता


पुणे,
२१ सप्टेंबर २०२५

चि. नंदितास अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं पावली. दागिना बसला हे वाचून मी वर्षाला हाक मारली, आणि तिने उत्तर काय दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिच्या तोंडावरून कळलं. कागदावर काढलेलं चित्र हरिताला दाखवलं. ती आपल्या केसांत हात घालून आरशासमोर किती वेळ उभी होती. लक्ष्मी रस्त्यावरचे दोन्ही हार आता तिथेच राहतील. केस मोठे आहेत तिचे, साखळी अडकेल, काळजी नको. मापासाठी दोरा पाठवते, गळ्याभोवतीचा एक आणि मानेपासून आंबाड्यापर्यंतचा एक.

इथे साड्यांची खरेदी संपता संपत नाही. व्याही माणसं चांगली आहेत, फक्त वरणात गूळ फार घालतात. ते इथे सगळेच घालतात, मला इतक्या वर्षांत सवय झालेली नाही. लग्नाच्या जेवणात एक तरी आंबट, झणझणीत पदार्थ आपल्याकडचा असावा असं मी म्हटलं. पुलिकाच्चल करून आण, प्रवासात टिकतं. अण्णाला आणायला विसरू नकोस. गुडघे दुखतात म्हणेल, ऐकू नकोस. रेल्वेत खालचा बर्थ घे.

उद्या घट बसतील. तुझा कोलूही मांडून झाला असेल. माझी जोडी वहिनीच्या जोडीच्या उजवीकडे बसव, वहिनी मोठी. फोटो काढून वर्षाच्या फोनवर पाठव. मला ते यंत्र जमत नाही, पण ती दाखवेल.

सणावारी मन आनंदी ठेवावं. गेलेल्या माणसाला आपण रडलेलं आवडत नाही.

सगळ्यांना आशीर्वाद सांगणे.

अत्ते


तंजावूर,
२७ सप्टेंबर २०२५

ती. अत्तेस,
शि. सा. न. वि. वि.

दोरे मिळाले. कोलू मांडला आहे. फोटो पाहिला असशील. तुझी बाई वरच्या पायरीवर आहे. काल शेजारची लहान मुलं सुंडल घ्यायला आली, तिच्या केसांतल्या साखळीला हात लावायला मागत होती. मी लावू दिला.

मी एक गोष्ट विचारली होती. तू गुळाबद्दल लिहिलंस, रेल्वेच्या बर्थबद्दल लिहिलंस, त्याबद्दल काही लिहिलं नाहीस. आजी दर वर्षी विचारायची आणि तू त्या ओळीला उत्तर द्यायची नाहीस, असं तूच मला लिहिलं होतंस. मी आजीसारखी दर वर्षी विचारत बसणार नाही. ही शेवटची वेळ.

तुझीच,
नंदिता


पुणे,
५ ऑक्टोबर २०२५

चि. नंदितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. मला ऐकू येत नसल्याने ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग.

सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. वहिनीने सांगून टाक असं काही म्हटलं नव्हतं, आणि सांगून तुझं काय भलं होणार होतं? पण तू आता आजीचं नाव काढलंस. आईला मी ते उत्तर दिलं नाही, आणि ती गेल्यावर ते कुणाला द्यावं हे मला कळलं नाही. ते दुसऱ्यांदा माझ्या हातून व्हायला नको. तेव्हा ऐक, आणि मी सांगते तेवढंच ऐक, त्यात आपल्या मनाचं काही घालू नकोस.

मी आले त्याच आठवड्यातली दुपार. वहिनी आणि मी खाली बसलो होतो. ती एका हाताने शेंगा मोडायचा प्रयत्न करत होती, मी तिला मोडू देत होते, कारण काढून घेतलं की तिला राग यायचा. टेबलावर ती मखमलीची मान होती, तिच्यावर तुझा एक हार. मी म्हटलं, हे काय नवीन. वहिनीला तेव्हा बोलायला वेळ लागायचा. ती आधी हसली. मग म्हणाली, "मीच आणवायला सांगितलं, वन्सं. वाटलं होतं, नको म्हणेल."

एवढंच. ती रडली नाही, तुझ्यावर रागावली नाही. पुन्हा शेंगांकडे वळली. नंतर तू खाली आलीस, त्या मानेवरचा हार काढून दुसरा चढवलास आणि आम्हा दोघींना विचारलंस, कसा दिसतो. वहिनी म्हणाली, छान बसलाय. मी पण तेच म्हटलं.

तेव्हाच मी तुला जिन्यात गाठून कान धरायला हवा होता. मायलेकींच्या मध्ये आपण कशाला, असं म्हणून गप्प बसले. गप्प बसायची सवय मला इथे आल्यापासूनच लागली आणि ती काही चांगली सवय नाही. तू तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवलास, पोरी. आपल्या घरात आया कधी मला हवं असं म्हणत नाहीत, दुसऱ्याची सोय सांगतात. ते आपण पोटातून ओळखायचं असतं. तुला ओळखता आलं नाही. मलाही माझ्या आईचं आलं नव्हतं.

हरिताचा हार जमला नाही तर करू नकोस. आता मी खरंच सांगते. मी तिला समजावीन.

तुझी काळजी वाटते. दोन ओळी तरी लिही.

अत्ते


तंजावूर,
२६ ऑक्टोबर २०२५

ती. अत्तेस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. दिवाळी मध्येच येऊन गेली. तुझं पत्र आलं तेव्हा कोलू उतरवून झाला होता. विजयादशमीच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी करून निजवतात, मग दुसऱ्या दिवशी सगळ्या डब्यात. दर वर्षी आई तिची बाई निजवायची. यंदा अप्पा म्हणाले, धनाची निजव, इतक्या वर्षांनी बसलीय, दमली असेल. निजवताना मी तिची साखळी आंबाड्यातून सोडली आणि गळ्यातलं काढून घेतलं. घालून निजणं चांगलं नाही, असं आई म्हणायची.

तू सांगितलंस ते बरं केलंस असं मला अजून म्हणता येत नाही. पुढे कधीतरी म्हणेन. ते वाक्य मला रोज ऐकू येतं. स्वयंपाक करताना जास्त. तिने नको म्हणायची किती साधी जागा ठेवली होती माझ्यासाठी, आणि मी कुठल्या रंगाची मखमल घेऊ असं तिलाच विचारलं होतं. काळी घे, खडे उठून दिसतील, असं ती म्हणाली. हे तुला माहीत नव्हतं. आता तुलाही माहीत झालं. अप्पांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना ते वाक्य ऐकू येत राहावं असं मला वाटत नाही.

चार-पाच दिवस माडीवर गेले नाही. मग गेले ती मखमलीची मान उचलून फडक्यात बांधून माळ्यावर टाकायला. अप्पांनी ते पाहिलं. मी हरिताचं काम काढलं. पण साखळीचा ताण कागदावर आणि दोऱ्यावर कळेना. हार बसून चालत नाही, माणूस हललं की काय होतं ते बघावं लागतं. खाली येऊन मी नुसती उभी होते. अप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, खांद्यावरचा पंचा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, घाल.

अत्ते, तुझ्या भावाने नवरीचा हार घालून शेंगा मोडल्या. आंबाडा कुठून आणणार, म्हणून साखळी टोपीला पिन लावून अडकवली. फुलवाली दारात आली ती तोंडावर पदर घेऊन हसत परत गेली, आणि दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं. त्यांना आईसारखं सांगता येत नाही. कुठं टोचतं विचारलं की बरं आहे म्हणतात. मग मीच बघायला शिकले, मान वळवताना कुठे आठी पडते, कुठे हात जातो. आई सांगायची म्हणून मी कधी पाहिलंच नव्हतं. शेंगा मात्र त्यांनी अशा मोडल्या की सगळे दोरे तसेच.

हार होत आला. सोनार मुलामा देईल, आठवड्यात हातात येईल. येताना स्वतः घेऊन येते, पोस्टाने नाही. दोन खालचे बर्थ मिळाले. तुझी जोडी मात्र आणत नाही. ती इथेच राहू दे. दर वर्षी बसेल आणि दर वर्षी मी तिला नवं काहीतरी करीन. हरितासाठी नवी जोडी घेतली आहे. तिला सांग, उगाळू नकोस. मांडायला जागा नसली तरी कपाटाला काच आहे ना?

एक शेवटचं लिहायचं आहे, त्यासाठीच खरं हे पत्र. परवा अप्पांची मान अवघडली. तेल चोळलं, शेक दिला. संध्याकाळी मी तार-चिमटा आवरत होते तेव्हा ते म्हणाले, नंदिता, ते मखमलीचं पुन्हा खाली काढ. मी म्हातारा माणूस, माझ्यामुळं तुझं काम अडायला नको. अगदी आईचे शब्द, तोच सूर, आणि नजर शेंगांवर.

मी नको म्हटलं.

त्यांनी हातातली शेंग मोडली. म्हणाले, मग उद्या सकाळी लवकर बसू, ऊन चढायच्या आत.

तू जवळ नाहीस, पण आहेस. अशीच राहा.

तुझी,
नंदिता